माळाच्या जमिनीवर बियाण्यापासून लॉन: सातारा-सांगलीकडच्या हवामानासाठी पायरीपायरीने

जुलै-ऑगस्टमध्ये लॉनचं बी टाकायचं असेल, तर माळावरचं काम एप्रिलमध्येच सुरू व्हायला हवं. बरेच जण उलटं करतात. पहिला पाऊस पडला की रोटाव्हेटर फिरवतात, आठवड्यात बी टाकतात आणि दसऱ्याला बघतात तर जागोजाग लव्हाळा, कुंदा आणि टाकळा. मग दोष बियाण्याला. बियाणं खराब निघतंही, पण क्वचित. जनावरं चरलेल्या जमिनीच्या वरच्या थरात तणांचं बी वर्षानुवर्षं साठलेलं असतं, त्याच्याखाली हरळीच्या काशा (जमिनीत पसरणारी खोडं) आणि लव्हाळ्याच्या गाठी असतात. तुम्ही मशागत करून, पाणी आणि खत देऊन त्यांचीच सोय करता.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसू द्या. लॉन उगवून आल्यावर रुंद पानांची तणं काढता येतात. कापणीने जातात, खुरप्याने जातात, औषधानेही जातात. गवतातून गवत मात्र काढता येत नाही. रानटी हरळी आणि लॉनची बर्म्युडा ही एकाच जातीची वनस्पती असल्याने एकीला मारून दुसरीला ठेवणारं तणनाशक नाही. म्हणून बहुवर्षायू गवतांचा निकाल पेरणीआधीच लावायचा. खालची सगळी पायऱ्यांची उतरंड त्यासाठीच आहे.

हिशेब सोपा जावा म्हणून सगळी प्रमाणं गुंठ्यावर दिली आहेत. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. उदाहरण १० गुंठ्यांचं घेतलं आहे.

आधी जमीन बघा

सातबाऱ्यावर गायरान किंवा सरकारी नोंद असेल तर इथेच थांबा. ती जमीन गावाच्या वापराची आहे. जमीन मालकीची असेल तर कुदळीने चार-पाच ठिकाणी फूटभर खड्डे घ्या. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या माळांवर ४-६ इंच मातीखाली मुरूम लागतो. वाळवा, मिरज, पलूसच्या नदीकाठी काळी भारी माती, पाणी धरणारी आणि काही ठिकाणी खारवट किंवा चोपण (सोडियम वाढून घट्ट) झालेली. पाटण, जावळीच्या डोंगरभागात तांबडी, निचऱ्याची, थोडी आम्लधर्मी.

माती परीक्षण करून घ्या. साताऱ्यात बोरगाव आणि कालवडे इथे, सांगलीत कांचनपूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. मातीचा नमुना कुठे द्यायचा याची माहिती तिथे मिळेल. अहवालात सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद (फॉस्फरस) एवढं पाहिलं तरी पुरे. हरळीवर्गाचं गवत मोठं झाल्यावर क्षार बऱ्यापैकी सोसतं, पण कोवळं रोप सोसत नाही. चोपण जमिनीत जिप्सम लागेल, ते अहवालातल्या शिफारशीइतकंच टाका. निचरा होत नसेल तर मात्र जिप्समचाही उपयोग नाही, आधी चर काढावे लागतील.

आता माळावर काय उगवलंय ते मोजा. दहा ठिकाणी पाऊलभर जागा बघून किती ठिकाणी हरळी आहे ते लिहा. निम्म्याहून जास्त ठिकाणी हरळी असेल आणि अगदी एकसारख्या पोताचा हट्ट नसेल, तर नांगरटच करू नका. पावसाळाभर दर आठवड्याला कापत राहा, खड्डे भरा, गुंठ्याला महिन्याला १ किलो युरिया द्या. कुसळी, पवन्यासारखी उंच वाढणारी गवतं वारंवारच्या कापणीला टिकत नाहीत आणि हरळी पसरत जाते. शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या मैदानाला एवढं पुरतं, आणि आमच्या मते बऱ्याच जणांनी हाच मार्ग घ्यायला हवा.

कोणतं बी

या हवेत मोठ्या लॉनसाठी बियाण्यात एकच विश्वासाची निवड आहे: बर्म्युडा, आणि तीही साल काढलेली. नर्सरीत मिळणारं कार्पेट लॉन किंवा सिलेक्शन नंबर १ रोपांनी किंवा तुकड्यांनी लावतात. संकरित बर्म्युडाच्या टिफ जाती वांझ असतात, त्यांचं बी तयारच होत नाही. ऑनलाइन हिरव्यागार चित्राच्या पाकिटात अनेकदा राय किंवा फेस्क्यू असतं. ते थंड हवेचं गवत आहे; पाचव्या-सहाव्या दिवशी छान उगवून दाखवतं आणि एप्रिलच्या उन्हात जळून जातं. पाकिटावर जातीचं नाव, उगवणशक्ती, शुद्धता आणि तारीख नसेल तर घेऊ नका.

साल काढलेल्या बर्म्युडाच्या १ किलोत ४० लाखांच्या आसपास दाणे असतात. चांगल्या वाफ्यात गुंठ्याला अर्धा किलो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण २ दाणे. मुरमाड जमिनीत पाऊण किलोपर्यंत जा. म्हणजे १० गुंठ्यांना ५ ते ७.५ किलो. रंगीत लेप दिलेलं बी असेल तर त्यात निम्मं वजन लेपाचं असू शकतं, पाकिटावरची टक्केवारी बघून प्रमाण वाढवा. दुप्पट बी टाकून लॉन लवकर होत नाही. दाट रोपं एकमेकांना मारतात आणि ओलीत बुरशी धरतात.

घेतल्यावर १०० दाणे ओल्या सुती फडक्यात ठेवून १४ दिवस बघा. ८० उगवले तर ठीक. ६० उगवले तर त्या हिशेबाने बी वाढवा, ३० असतील तर परत करा.

बर्म्युडाला दिवसातून निदान ६-७ तास थेट ऊन लागतं. आंब्याखाली, वडाखाली ती येणार नाही. तेवढी जागा आधीच वेगळी काढा आणि तिथे फरशी किंवा सावलीतली झाडं लावा.

एप्रिल-मे: नांगरट आणि ऊन

पलटी नांगराने ८-१० इंच खोल नांगरट करा आणि ढेकळं तशीच महिनाभर तापू द्या. हरळीच्या काशा, कुंद्याची मुळं आणि लव्हाळ्याच्या गाठी उघड्या पडून सुकतात. याच वेळी हुमणीच्या (मुळं खाणाऱ्या किडीच्या) अळ्या आणि कोष वर येतात आणि बगळे, मैना, कावळे ते वेचतात. नंतर पाच फणी किंवा नऊ फणी फिरवून वर आलेल्या काशा हाताने वेचून शेताबाहेर काढा. बांधावर टाकू नका, पहिल्या पावसात तिथूनच परत येतात. वाळवून जाळा.

या टप्प्यावर रोटाव्हेटर नको. त्याने काशांचे बोटभर तुकडे होतात आणि प्रत्येक डोळ्यातून नवं रोप फुटतं. लव्हाळ्याच्या गाठी तो सगळ्या रानात सारख्या वाटून देतो. रोटाव्हेटरची पाळी शेवटी एकदाच, तणं मेल्याची खात्री झाल्यावर.

दगड वेचणीला लोक कंटाळतात, पण मुठीएवढा दगड वर राहिला तर लॉन मूव्हरचं पातं जातं. लिंबाएवढ्यापर्यंतचे सगळे काढा.

सपाटीकरणात जेसीबीवाल्याला एकच सांगायचं: वरची माती आधी एका बाजूला ढीग करून ठेव, खालचा मुरूम सारखा कर, मग माती परत पसर. तसं न सांगितल्यास उंचवट्यावरची सगळी माती खड्ड्यात जाते आणि अर्ध्या लॉनखाली नुसता मुरूम राहतो. ते अर्धं लॉन पुढे कायम पिवळं दिसतं. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला ठेवा: १०० फुटाला १ ते २ फूट. भारी काळ्या जमिनीत २ फुटांच्या जवळ राहा.

बाहेरची माती आणि खत

गुंठ्यांचा हिशेब करून मगच माती विकत आणायचं ठरवा. १० गुंठ्यांवर १ सेंटीमीटर थर म्हणजे १० घनमीटर, साडेतीन ब्रासच्या वर (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). ४ इंचाचा थर म्हटलं तर ३६ ब्रास. शिवाय गाळ किंवा पोयटा उचलायला महसूल खात्याची परवानगी लागते. सगळ्यात मोठा धोका लव्हाळ्याचा. नदीकाठच्या पोयट्यात आणि तलावाच्या गाळात त्याच्या गाठी हमखास असतात. आणायचीच असेल तर दोन घमेली माती घरी आणून भिजवा आणि तीन आठवडे काय उगवतं ते बघा.

मातीपेक्षा सेंद्रिय खतावर खर्च करा. या दोन जिल्ह्यांत साखर कारखान्यांमुळे कुजलेली मळी (रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) मिळते आणि तिच्यात तणांचं बी जवळजवळ नसतं. ताजी मळी गरम होते, ती दोन-तीन महिने कुजवूनच वापरा. शेणखत घ्याल तर ते काळं, भुसभुशीत, वास न येणारं हवं. माळावर चरलेल्या जनावरांच्या कच्च्या शेणात तुम्ही नुकतंच वेचून काढलेल्या गवताचंच बी असतं. १ सेंटीमीटरचा थर, म्हणजे १० गुंठ्यांना साडेतीन ब्रास, वरच्या ४ इंचात मिसळा. मुरमाड जागी दुप्पट.

हुमणीचा भाग असेल, आणि ऊसपट्ट्यात तो असतोच, तर मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी एकरी ८-१० किलो ओलसर शेणखतात मिसळून जमिनीत द्या. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात. फांद्या हलवून ते रॉकेलच्या पाण्यात गोळा करणं हा जुना उपाय आजही सगळ्यात स्वस्त आहे. पण एकट्या घराने करून भागत नाही, शेजारच्यांनीही करायला हवं.

तण उगवू द्या, मारा, पुन्हा उगवू द्या

अर्धं यश या टप्प्यात आहे आणि घाईत नेमका हाच टप्पा गाळला जातो. मृगाचा पाऊस झाला की वाफशावर (माती ओलसर पण न चिकटणारी झाल्यावर) कुळव मारून फळी फिरवा आणि जमीन पेरणीला तयार असल्यासारखी करून सोडून द्या. पाऊस नसेल तर पाणी द्या. १२-१५ दिवसांत माळ हिरवा होतो: टाकळा, माठ, केना, गाजरगवत, रानटी गवतांची कोवळी रोपं. ती दोन-तीन पानांवर असताना उन्हाच्या दिवशी कुळवाने वरची दीड-दोन इंच माती हलवून मारा. खोल जाऊ नका. खोल गेलात की खालचं नवं बी वर येतं आणि गणती पुन्हा पहिल्यापासून. अशा दोन फेऱ्या किमान, कुरण जुनं असेल तर तीन.

हरळी, कुंदा पुन्हा फुटले असतील तर कुळवाने भागणार नाही. त्यांना वीतभर वाढू द्या, मग ग्लायफोसेट हे तणनाशक. ते हिरव्या पानातून मुळापर्यंत उतरतं, म्हणून नुकत्याच कापलेल्या किंवा सुकलेल्या गवतावर मारून फायदा नाही. गढूळ पाणी वापरलं तर औषध मातीच्या कणांना चिकटून वाया जातं. नंतर सहा तास पाऊस नको आणि १५ दिवस मशागत नको. केंद्र सरकारने २०२२ मध्ये याची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रण चालकांकडूनच करण्याचं बंधन घातलं, त्यामुळे सध्याचा नियम तालुका कृषी कार्यालयात विचारूनच पुढे जा. प्रमाण लेबलवरचंच. लव्हाळ्याची पानं यानेही करपतात, पण गाठी बऱ्याचदा जिवंत राहतात. त्याचा उपाय पुढे आहे.

केव्हा पेरायचं

कराड, वाळवा, मिरज, तासगाव, कोरेगाव या मधल्या पट्ट्यात पुनर्वसू-पुष्य, म्हणजे जुलै. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पायथ्याला जुलैचा पाऊस बी धुऊन नेतो. तिथे पूर्वा-उत्तरा, ३० ऑगस्टपासून २५ सप्टेंबरपर्यंत. माण, खटाव, जत, आटपाडीत भरवशाचा पाऊस परतीचा, म्हणून मघा-पूर्वा, म्हणजे साधारण १७ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर. सप्टेंबर उलटल्यावर पेरू नका. गवताला जमीन झाकायला ८-१० आठवडे लागतात आणि नोव्हेंबरच्या थंड रात्रींत वाढ जवळजवळ थांबते. संधी हुकली तर फेब्रुवारीअखेर थेट, पण तेव्हा पाणी पूर्णपणे तुमचं.

पेरणीचा दिवस

१. आदल्या दिवशी गुंठ्याला १ किलो डीएपी पसरून दाताळ्याने वरच्या दोन इंचांत मिसळा. अहवालात स्फुरद भरपूर असेल तर निम्मं.

२. रोलर फिरवा. पाण्याने भरलेला २०० लिटरचा ड्रम आडवा लोळवला तरी चालतं. वाफ्यावरून चालल्यावर टाच १ सेंटीमीटरपेक्षा जास्त रुतत असेल तर आणखी दाबा. पोकळ जमीन नंतर बसते, खड्डे पडतात आणि बी खोल जातं.

३. बी चाळलेल्या कोरड्या वाळूत १ ला ८ या प्रमाणात मिसळा. नुसतं बी मुठीत धरून सारखं पडत नाही.

४. रान दोरी लावून गुंठ्या-गुंठ्याच्या तुकड्यांत वाटा आणि प्रत्येक तुकड्याचं बी वेगळं मोजा. मोठ्या लॉनमध्ये पहिल्या निम्म्यावरच बी संपतं ते हे न केल्याने. प्रत्येक तुकड्याचं निम्मं बी उभ्या फेऱ्यांत, निम्मं आडव्या फेऱ्यांत. सकाळी वारा पडलेला असतानाच.

५. दाताळं उलटं धरून किंवा झाडाची फांदी ओढून बी जेमतेम झाकलं जाईल एवढंच हलवा. खोली अर्ध्या सेंटीमीटरच्या आत. या पिकाला पाभर नको आणि कुळवही नको.

६. पुन्हा रोलर. वर कुट्टी केलेलं उसाचं पाचट इतकं विरळ पसरा की निम्मी माती दिसत राहील. काळ्या जमिनीत पाचटाऐवजी चाळलेलं खत पातळ पसरलेलं बरं, कारण जोराच्या सरीनंतर तिथे वर कडक पापुद्रा धरतो आणि कोवळा कोंब तो फोडू शकत नाही. मुरमाड जागी पाचट जाड झालं तर वाळवी येते. वारुळं असतील तर ती आधीच शोधा, मुंग्या बी ओळीने वाहून नेतात.

पाणी

गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०० लिटर. उगवण होईपर्यंत वरचा पाव इंच सतत ओला हवा: पाऊस नसेल त्या दिवशी ३-४ वेळा, दर वेळी १ मिलिमीटर. १० गुंठ्यांना दिवसाला ३,०००-४,००० लिटर. खेडेगावात अडचण विजेची येते. शेतीच्या पंपाला बऱ्याच ठिकाणी आठवड्याआड रात्रीची वीज असते आणि या पाण्याची गरज दुपारी असते. म्हणून ५,००० लिटरची टाकी आणि घरगुती जोडणीवरचा १ एचपी पंप पेरणीआधी बसवा. रेन पाईप किंवा मिनी स्प्रिंकलर चालतो. रेनगन नको, तिचे थेंब बी उचलून उताराला नेतात आणि महिन्याने उताराच्या आडव्या पट्ट्यांतच गवत दिसतं.

७ ते १४ दिवसांत उगवण दिसेल. सुरुवातीला ते इतकं बारीक असतं की सकाळच्या तिरप्या उन्हातच कळतं, लगेच निराश होऊन वरून बी टाकू नका. २१ व्या दिवशी मोकळ्या जागा मोजा आणि तेव्हा भरा. उगवल्यावर पाण्याच्या पाळ्या कमी, पण प्रत्येक पाळी जास्त. सतत चिंब ठेवलं तर रोपं गोलाकार चट्ट्यांत लोळतात, ती बुरशीची मर. पाणी दोन दिवस तोडा.

पुढच्या उन्हाळ्याचं गणितही आताच करा. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ४ मिलिमीटर धरलं तर १० गुंठ्यांना आठवड्याला २८,००० लिटर. जत-आटपाडीत स्वतःचं भरवशाचं पाणी नसेल तर २ गुंठे लॉन करा आणि उरलेला माळ मारवेल-पवन्यासारख्या चाऱ्याच्या गवतांसाठी राहू द्या.

पहिली कापणी आणि पहिलं तण

गवत ६ सेंटीमीटर झालं की ४ वर कापा. पातं धारदार, जमीन कोरडी. बोथट पातं रोप उपटून काढतं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कधीच नाही. खांद्यावरच्या ग्रासकटरने पहिल्या तीन कापण्या करू नका. हात हलतो आणि मातीपर्यंत टक्कल पडतं. पहिल्या दोन-तीन कापण्यांतच टाकळा आणि माठ शेंडा गेल्याने मागे पडतात. केना, घोळ आडवे वाढतात, त्यांची भांगलणच करावी लागते, फळीवर बसून, म्हणजे पायाचे खड्डे पडत नाहीत.

चौथ्या आठवड्यात गुंठ्याला अर्धा किलो युरिया, पानं कोरडी असताना, लगेच वरून पाणी. ओल्या पानांवर युरिया पडला की ठिपके जळतात.

तणनाशक दोन महिने आणि तीन कापण्या होईपर्यंत कोणतंच नाही. त्यानंतरही २,४-डी (रुंद पानांच्या तणांवरचं औषध) मारण्याआधी शेजार बघा. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे शेजारी द्राक्षबाग असण्याचीच शक्यता जास्त, आणि वाऱ्यावर गेलेला थोडासा फवाराही वेलीची पानं वेडीवाकडी करतो, घड बिघडवतो. भरपाई लॉनच्या खर्चापेक्षा मोठी होईल. तिथे माणसं लावून भांगलण करा. त्या औषधाचा पंप दुसऱ्या कशालाही वापरू नका. लव्हाळ्यासाठी ऊसवाले हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल एकरी ३६ ग्रॅम वापरतात. बर्म्युडाला ते सोसतं, तरी आधी एका कोपऱ्यात मारून १५ दिवस बघा. एका फवारणीत लव्हाळा संपत नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये गवत पाणी असूनही पिवळं पडलं आणि ओढल्यावर सतरंजीसारखं उचलून आलं तर खाली हुमणी आहे. पाटण-जावळीकडे तिच्या मागे रानडुकरंही येतात आणि एका रात्रीत रान उकरून टाकतात.

जनावरांची जुनी वाट लॉनमधून जात असेल तर कुंपण पेरणीआधीच करा. ओल्या जमिनीत म्हशीच्या एका खुराचा खड्डा तीन इंच जातो आणि कळपाला वाट बदलायची सवय लागायला पावसाळा लागतो. मुलांना खेळायला चार महिने तरी सोडू नका.

कडेने फूटभर रुंद, फूटभर खोल चर ठेवा आणि महिन्यातून एकदा त्यात उतरलेल्या काशा कापा. ज्या हरळीला शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या शिव्या दिल्या ती तुम्ही पैसे देऊन पेरली आहे. शेजारच्या उसात ती शिरली तर बांधाचं भांडण नक्की. डिसेंबर-जानेवारीत थंडीने लॉन फिकट पडेल, तेव्हा युरिया देऊ नका आणि पाणी आठ-दहा दिवसांतून एकदाच. एकूण बियाण्यातलं अर्धा किलो हवाबंद डब्यात, कोरड्या थंड जागी राखून ठेवा. मोकळे राहिलेले चट्टे पुढच्या जुलैत खरवडून त्याच बियाण्याने भरायचे. दुकानातून वेगळी जात आणली तर ठिगळं रंगावरून दिसत राहतात.